वतनाच्या भाकरीपासून किमान वेतनापर्यंत

एप्रिल महिना लागला की आपल्या वस्त्यांमध्ये लगबग सुरू होते. ११ तारखेला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १४ तारखेला बाबासाहेबांची. वर्गणी, मिरवणुकीची परवानगी, निळ्या पताका, व्याख्याता कोणता आणायचा यावरून मंडळात होणारे वाद, सगळे याच दिवसांत उरकायचे असते. परंतु ११ एप्रिल ही तारीख आणखी एका कारणासाठी आपल्या ध्यानात असायला हवी होती. ११ एप्रिल १९४६ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडण्यात आले, आणि ते मांडणारे होते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर मंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. फुले जयंतीचा दिवस त्यांनी मुद्दाम धरला की कामकाजाच्या ओघात तो आला, याबद्दल मी कसलाही दावा करीत नाही. पण आपल्या जयंतीच्या व्यासपीठावरून या विधेयकाचे नाव मी तरी क्वचितच ऐकले आहे.

त्या व्यासपीठासमोर सतरंजीवर बसलेले लोक कोण असतात? बारा-बारा तास उभे राहणारे सुरक्षारक्षक, ठेक्यावरचे सफाई कामगार, हाऊसकीपिंगला जाणाऱ्या आयाबहिणी, नाक्यावरचे बिगारी, गावाकडून आलेले शेतमजूर. बाबासाहेबांनी लिहिलेल्या घटनेचा त्यांना अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. पण महिनाअखेर जे पैसे त्यांच्या हातात पडतात, त्या पैशाचा आणि बाबासाहेबांचा काय संबंध आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. तो संबंध ११ एप्रिल १९४६ च्या फार आधी सुरू झाला. मजुरी कमी असते हे सगळ्याच कामगार पुढाऱ्यांना दिसत होते. एकदा ठरलेली मजुरी जागच्या जागी गोठून राहते, महागाई वाढते, घरातली तोंडे वाढतात, मजुरी मात्र तिथेच, हे दुखणे बाबासाहेबांनी वेगळ्या ठिकाणी पाहिले होते. ते ठिकाण म्हणजे महार वतन.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. लष्करामुळे हे घराणे गावगाड्यातून बाहेर पडले होते. म्हणजे दारोदार भाकरी मागण्याऐवजी दरमहा रोख पगार, आणि नोकरी संपल्यावर पेन्शन. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण त्या काळी महार माणसाच्या हातात महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रोख रक्कम पडणे ही फार मोठी गोष्ट होती. म्हणूनच इंग्रज सरकारने पुढे महारांची लष्कर भरती बंद केली तेव्हा रामजींसारखी माणसे एवढी कळवळली. गेली ती नुसती नोकरी नव्हती, बलुत्याच्या बाहेर पडायची वाट गेली होती.

साताऱ्याचे बालपण, गोरेगावच्या प्रवासात गाडीवानाने केलेला अपमान, शाळेतले गोणपाट, हे आपल्या वाचकांना पाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही. १९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहिले. पुढे पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी, डॉक्टरेट हे सगळे झाल्यानंतरही कित्येक वर्षे त्यांचा मुक्काम त्याच चाळीत होता. भोवती सगळी गिरणीची वस्ती. पहाटेचा भोंगा, पगाराच्या दिवशी नाक्यावर उभा राहणारा पठाण, पाळी चुकली म्हणून कापलेला रोज. ते अर्थशास्त्राचे पंडित होते हे खरेच, पण मजुरी नावाची वस्तू त्यांनी चाळीच्या गॅलरीत उभे राहून पाहिली होती हेही तितकेच खरे.

आता वतनाकडे येऊ. १८७४ च्या वतन कायद्याने महारांना गावचे आणि सरकारचे वंशपरंपरागत नोकर ठरवले होते. काम काय? सरकारी निरोप पोचवायचे, सारा भरायला लोकांना बोलावून आणायचे, अधिकारी गावात आला की त्याची उठाठेव करायची, सरपण फोडायचे, परगावी मयताचा सांगावा घेऊन जायचे, मेलेले ढोर ओढायचे. कामाला वेळ नाही, सुट्टी नाही, हद्द नाही. बाप आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्या पुरुषाने हजर व्हायचे. एकट्या माणसाची ती नोकरी नव्हती, अख्खे घर बांधलेले होते. आणि मोबदला? जुन्या राजवटीत कधीतरी दिलेला इनाम जमिनीचा तुकडा, आणि गावकऱ्यांनी खळ्यावर राजीखुशीने घातले तर बलुते. सरकारी काम करणाऱ्या माणसाला सरकार स्वतःच्या तिजोरीतून पगार देत नव्हते. गावकऱ्यांशी भांडण झाले की बलुते बंद, आणि काम तरीही चालूच.

बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' मधून या वतनावर कोरडे ओढले आणि मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा मला वकील म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. इनामाच्या जमिनी ज्या काळी दिल्या त्या काळी दिल्या. त्यानंतर पिढ्या गेल्या, एका घराची चार घरे झाली, चाराची सोळा झाली. जमीन तेवढीच राहिली, तिचे तुकडे तेवढे होत गेले. इंग्रज सरकारने आपल्या अमलात त्यात एका बिघ्याची भर घातली नाही. काम मात्र सरकारी कचेऱ्या वाढल्या तसे वाढत गेले. याला अर्थशास्त्राच्या भाषेत काय म्हणायचे ते म्हणा. साध्या भाषेत ही गोठलेली मजुरी होती, आणि ती शेकडो वर्षे गोठलेली होती.

त्यावरचा त्यांचा उपायही पाहण्यासारखा आहे. ज्याला वतन सोडायचे असेल त्याने जमिनीचा पुरा सारा भरावा आणि जमीन ठेवून नोकरीतून मोकळे व्हावे. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करावे, ती रक्कम शेतसाऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी आणि महाराला पगार म्हणून द्यावी. कामाची यादी कायद्याने ठरवावी. आजच्या भाषेत सांगायचे तर नेमणूकपत्र, ठरलेले काम, आणि ज्याचे काम त्याच्याकडून रोख वेतन. सरकारला हे परवडणारे नव्हते. गावातल्या वरिष्ठ जातींना तर नकोच होते. आणि खेदाने सांगावे लागते की आपल्यातल्याही काही वतनदारांना भाकरीचा तो तुकडा सोडवत नव्हता. १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले. पुढे सरकारने वतन जमिनींवरची जुडी वाढवायला घेतली, म्हणजे मोबदला वाढवायचा राहिलाच बाजूला, उलट होता त्यावरच कर. त्याविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदार महारांची मोठी परिषद झाली. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबईचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

ज्या १९२८ साली ते वतनाचे विधेयक घेऊन उभे होते, त्याच साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. दीड लाखाच्या घरात कामगार, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने. या संपाचा इतिहास डाव्या मंडळींनी पुष्कळ लिहिला आहे. त्यात एक गोष्ट मात्र हळूच बाजूला सरकवलेली असते. गिरणीत सगळ्यात बरा पगार विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर. आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे, त्याला थुंकी लागे, आणि महाराची थुंकी लागलेले सूत मराठ्याला चालत नसे. मालकाने हा नियम केलेला नव्हता. शेजारच्या साच्यावर उभा असलेल्या कामगाराने केला होता. त्यामुळे आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत वर्षानुवर्षे अडकून पडली.

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ विचारले की सर्व खात्यांत काम मिळण्याचा आमचा हक्क तुम्ही मागण्यांत घालणार की नाही? नसाल घालणार तर आमच्या लोकांनी संपात का उपाशी मरावे? तेव्हा कुठे नाइलाजाने ती मागणी यादीत आली. गिरणी मालकांनी त्यावर उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. आणि या एका बाबतीत मालक खोटे बोलत नव्हते! किमान वेतनाचा विचार करताना हा प्रसंग विसरून चालत नाही. एखाद्या माणसाला कमी मजुरी का मिळते, याचे उत्तर या देशात बाजारभावात सापडत नाही, ते पुष्कळदा त्याच्या जातीत सापडते. ज्या कामाला जात चिकटली त्या कामाचा भाव वाढत नाही.

त्याच वर्षी विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या हक्काच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव पाहा. अस्पृश्य पक्ष नाही, मजूर पक्ष. जाहीरनाम्यात कामाच्या तासांवर मर्यादा, पुरेसे वेतन, भरपगारी रजा, कामगारांसाठी घरे. १९३७ च्या निवडणुकीत या नव्या पक्षाने लढवलेल्या जागांपैकी बहुतेक जिंकल्या. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक आले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, आणि त्या मोर्चात कुणबी आणि महार खांद्याला खांदा लावून चालले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पुष्कळ लोक यातला आपल्याला सोयीचा एकच शत्रू उचलतात. समाजवाद्यांना दुसरा आवडतो, आपल्यातल्या काही नोकरदारांना पहिला. रेल्वेच्या त्या गँगमनला दोन्ही भोगावे लागत होते.

१९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाने संप करण्याच्या हक्कावर गदा आणली तेव्हा ते विधेयक काँग्रेसच्या सरकारचे होते. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याची चिरफाड केली. मुद्दा असा की मजूर काम करायला नकार देतो तेव्हा तो करारभंग असेल फार तर, गुन्हा नव्हे. त्याला गुन्हा ठरवून तुरुंगात घालणे म्हणजे मजुराला गुलाम करणे. ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांसह एक दिवसाचा संप झाला, गोळीबार झाला, विधेयक मात्र बहुमताच्या जोरावर पास झाले. वतनाच्या महाराला काम नाकारता येत नव्हते म्हणूनच त्याची मजुरी शेकडो वर्षे वाढली नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो संपाच्या हक्कावर इतका का चिडला असेल ते वेगळे सांगायला नको.

जुलै १९४२ मध्ये ते मजूर मंत्री झाले. त्या वेळी त्यांच्यावर टीका झाली आणि अजूनही होते की देश चले जाव म्हणत होता आणि आंबेडकर इंग्रजांच्या मंत्रिमंडळात बसले. टीकाकारांनी पुढच्या चार वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ऑगस्ट १९४२ च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय मजूर परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसले, आणि त्यातून कायमची परिषद व स्थायी समिती उभी राहिली. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरिया-राणीगंजच्या कोळसा पट्ट्यात गेले, खाणीत उतरले, मजुरांच्या झोपड्या पाहिल्या. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी आला. नोकरी देणाऱ्या एक्सचेंजेस आल्या. आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ वर आणणारी कारखाने कायद्याची दुरुस्ती १९४६ च्या एप्रिलमधलीच.

एक गोष्ट लपवू नये. युद्धात कोळशाची टंचाई झाली तेव्हा ऑगस्ट १९४३ मध्ये बायकांना खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली, आणि खाते बाबासाहेबांकडे होते. देशात आणि परदेशात त्यावर टीका झाली, ती अगदीच गैर नव्हती. त्यांनी सभागृहात ती तात्पुरती निकड असल्याचे सांगितले आणि त्याच वेळी एकाच कामाला बाई आणि पुरुष यांना एकच मजुरी मिळेल हे तत्त्व लावून धरले. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. भक्तिभावाने चरित्र लिहिणारे हा प्रसंग गाळतात. मला वाटते गाळण्याचे कारण नाही. समान कामाला समान वेतन हा शब्दप्रयोग राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये आला, त्याआधी तो कोळशाच्या खाणीत उतरून आलेला आहे.

किमान वेतनाचा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत मे १९४३ मध्ये स्थायी मजूर समितीपुढे आला. मग १९४३, १९४४, १९४५ अशा तीन वर्षांच्या त्रिपक्षीय परिषदांमध्ये त्यावर चर्चा होत राहिली. मालकांचे म्हणणे नेहमीचेच, धंद्याला परवडणार नाही. प्रांतांचे म्हणणे, अंमलबजावणीला माणसे कुठून आणू. माहितीच नाही म्हणून टाळाटाळ होऊ नये यासाठी १९४४ मध्ये द. व. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून धंद्याधंद्यांतल्या मजुरीची पाहणी सुरू केली. शेवटी १९४५ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आणि ११ एप्रिल १९४६ ला विधेयक सभागृहात आले. दोन-तीन महिन्यांत ते कार्यकारी मंडळ बरखास्त झाले. कायदा झाला तो १९४८ मध्ये, १५ मार्चपासून लागू, तेव्हा मजूर मंत्री जगजीवनराम होते आणि बाबासाहेब कायदा मंत्री.

या कायद्याच्या परिशिष्टातली यादी एकदा वाचावी. विडी, कातडी कमावणे, दगड फोडणे, रस्ते आणि इमारतीची कामे, भात-पीठ-डाळीच्या गिरण्या, लाख, अभ्रक, चहामळे, नगरपालिका. दुसऱ्या भागात शेती. कापड गिरणी या यादीत नव्हती, कारण तिथे युनियन होती, भांडून घेण्याची ताकद होती. ज्यांची युनियन नाही, ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांच्यासाठी ही यादी. आणि त्यातले कातडे कोण कमावत होते, दगड कोण फोडत होते, नगरपालिकेचा मैला कोण उचलत होते, दुसऱ्याच्या शेतात कोण राबत होते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. (शेतमजुरांचे दर ठरवण्याची मुदत मात्र पुढे दुरुस्त्यांवर दुरुस्त्या करून ढकलत नेली गेली.) कायद्यात दोन कलमे मोलाची होती. एक, किमान वेतनापेक्षा कमी घेण्याचा करार मजुराने स्वतः सही करून दिला तरी तो रद्दबातल. दुसरे, दर पाच वर्षांच्या आत सरकारने दरांचा फेरविचार करायचा.

पहिल्या कलमामागचा विचार लगेच कसोटीला लागला. अजमेर राज्यात एका कापड गिरणीत महिना ५६ रुपये किमान वेतन ठरले. मालकाने गिरणी बंद केली. पोटाला चिमटा बसला तसे बहुतेक कामगार ३५ रुपयांवर काम करायला तयार झाले. मालक सर्वोच्च न्यायालयात गेला की मजूरच राजी आहेत, मग सरकार मध्ये कोण? बिजय कॉटन मिल्सच्या या खटल्यात न्यायालयाने १९५४ मध्ये कायदा उचलून धरला. नडलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे, असा त्या निकालाचा मला कळलेला अर्थ. खळ्यावर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाच्या मुलांनी-नातवांनी तो समजून घेण्यासारखा आहे.

दुसरे कलम मात्र पोखरले गेले. १९५७ च्या दुरुस्तीने त्याला एक पुस्ती जोडली. काही कारणाने सरकारने पाच वर्षांत फेरविचार केला नाही, तर तो नंतर करता येईल आणि तोपर्यंत जुनेच दर चालू राहतील. वरवर पाहता निरुपद्रवी वाक्य! जुने दर रद्द होऊन मजूर वाऱ्यावर पडू नये असा हेतू त्यामागे असेलही. पण व्यवहारात पाच वर्षांची सक्ती गेली. मंत्रालयात फाईल पडून राहिली तरी कोणाचे काही बिघडत नाही. महागाईचा विशेष भत्ता अधूनमधून सरकतो, मूळ दर वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत. माझ्याकडे मागे एक ठेक्यावरची सफाई कामगार बाई आली होती. सहा वर्षांत तीन ठेकेदार बदलले होते, पगाराच्या पावतीवरचा मूळ आकडा तोच होता. शिवाय पगार खात्यात जमा झाला की ठेकेदाराचा माणूस एटीएमपाशी उभा राहून त्यातले काही पैसे परत घेत असे. तिला मी वतनाची गोष्ट सांगितली नाही. तिनेच मला सांगितले की तिची आजी गावात भाकरी मागायची तेव्हा निदान कोणी दिलेली भाकरी परत मागत नव्हते.

देशपातळीचे चित्रही असेच. राष्ट्रीय तळ वेतन म्हणून १९९६ मध्ये दिवसाला ३५ रुपयांचा आकडा जाहीर झाला, त्याला कायद्याचा आधार नव्हता. सरकत सरकत तो २०१७ मध्ये १७६ रुपयांवर आला. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील सरकारच्याच तज्ज्ञ समितीने २०१९ च्या सुरुवातीला दिवसाला ३७५ रुपयांची शिफारस केली. सरकारने त्याच वर्षी वाढ जाहीर केली ती २ रुपयांची! २०१९ मध्येच वेतन संहिता संसदेने मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू होऊन १९४८ चा कायदा संपला. संहितेत चांगल्या गोष्टी नाहीत असे नाही. यादीतले धंदे आणि यादीबाहेरचे धंदे हा भेद गेला, तळ वेतनाला कायद्यात जागा मिळाली. पण फेरविचाराच्या कलमात पाच वर्षांच्या आधी 'साधारणतः' हा शब्द बसवला आहे. कमी वेतन देणाऱ्या मालकाला जुन्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती, आता पहिल्या वेळी फक्त दंड. दंड ५०० वरून ५० हजारांपर्यंत वाढला हे मान्य. तो किती मालकांकडून वसूल होतो ते बघायचे.

घटना लिहिताना बाबासाहेबांनी निर्वाह वेतनाचे तत्त्व अनुच्छेद ४३ मध्ये घातले, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. न्यायालयात जाऊन मागता येत नाही. १९४७ च्या त्यांच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये महत्त्वाचे उद्योग आणि शेती सरकारच्या मालकीची करण्याची योजना मूलभूत हक्कांच्या तोडीने मांडलेली आहे, ती संविधान सभेत टिकली नाही. त्यांना जेवढे मिळाले तेवढे त्यांनी घटनेत रोवले. त्यातच अनुच्छेद २३ आहे, वेठबिगारीला बंदी. मसुदा समितीतल्या बाकीच्या सभासदांनी वेठ हा शब्द पुस्तकात वाचलेला असेल. अध्यक्षांच्या जातीचे तर ते वतनच होते. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी याच अनुच्छेदाचा आधार घेतला आणि किमान वेतनापेक्षा कमी देऊन करवून घेतलेले काम म्हणजे वेठबिगारी असे ठरवले. पोटाची सक्ती हीही सक्तीच. हा निकाल आजही कायदा आहे. संहिता आली तरी घटना बदललेली नाही. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक ठेका कामगाराला मूलभूत हक्कभंगाची दाद मागता येते, आणि अशा याचिका आपल्या तरुण वकिलांनी फारच थोड्या केल्या आहेत. यात मीही आलो.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढची वर्षे धम्माची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी जी दीक्षा घेतली, त्यात सुटाबुटातले थोडे होते. विडी वळणाऱ्या बाया, गिरण्यांमधले कामगार, रेल्वेचे खलाशी, वऱ्हाडातले शेतमजूर आपले रोज बुडवून, भांडी गहाण टाकून आले होते. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्या रात्री विमानाने देह मुंबईला आला. दुसऱ्या दिवशी मुंबईत हजारो गिरणी कामगार, गोदीवाले, रेल्वेवाले, झाडूवाले कामावर गेले नाहीत. कोणी संप पुकारला नव्हता. परळ, लालबाग, नायगावच्या चाळी रिकाम्या करून माणसे राजगृहाकडे आणि तिथून दादरच्या चौपाटीकडे चालत गेली. त्या दिवसाचा रोज त्यांना मिळाला नाही, आणि तो मागायलाही कोणी गेले नाही.